क्त

खेतवाडीच्या बाराव्या गल्लीत, दूध केंद्राच्या मागे
छापखाना होता. मी तिथं प्रुफं तपासायचे.
पगार एकशेदहा, चहा दोनदा,
आणि मालकांच्या मते, मराठी शुद्ध ठेवल्याचं पुण्य.

खिळे जुळवायचे तुळशीराम गांगुर्डे.
सतराव्या वर्षी येवल्याकडून आलेले, छप्पन साली.
आले त्याच आठवड्यात क्त संपला.

क्त म्हणजे अखंड ओतलेलं जोडाक्षर.
खणात चाळीसेक असायचे, एरवी पुरायचे.
पण तेव्हा गल्लीगल्लीत सभा, सभेला पत्रक,
पत्रकाला मथळा, मथळ्यात संयुक्त.
‘माणसं भाषेसाठी रस्त्यावर,’ ते सांगायचे,
‘आणि भाषा माझ्या दारात, उसनं मागत.
शेवटी क मोडला, त ला टेकवला.
मधे फट राहिली.
लोकांनी जोडून वाचलं.’

लग्नसराईत श्री कमी पडायचे.
दुसऱ्यांची कुळं, आडनावं, नेसत्या वस्त्रानिशी आलेले मामा,
सगळं ते उलटं वाचून सुलटं लावायचे.
‘पंक्तीचा लाभ द्यावा’ ही ओळ
हजारदा तरी जुळवली असेल त्यांनी.
त्यांतल्या किती पंक्तींना त्यांचं पान होतं
हे मी कधी विचारलं नाही.
मी तपासत होते : पंक्ती, ती दीर्घ.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात कवी रहाळकर
संग्रह घेऊन आले. पानापानावर रक्त.
आणि सगळे क्त रेल्वेच्या संपात अडकलेले :
‘अटकेतल्या कामगारांना मुक्त करा’,
फर्मा आवळून मशीनवर चढलेला.
तुळशीराम म्हणाले, ‘आठवडाभर थांबा,
नाहीतर दुसरं काहीतरी वाहू द्या.’
कवी स्टुलावर बसले. रक्त खोडलं,
घाम लिहिलं, गाळ लिहिलं,
एके ठिकाणी नुसतं पाणी.

पुढं दादरच्या परिसंवादात
एक प्राध्यापक चाळीस मिनिटं बोलले :
इथं कवी भावविवशता सोडतो आणि वास्तवाकडं वळतो.
मी तिसऱ्या रांगेत होते, हसू आवरत.
घरी येईपर्यंत हसू गेलं.
खोटं काय होतं त्यात?
संपानंच वळवला होता.

पंचाहत्तरला क्त खणात पडून राहिले.
कोऱ्या जागेचं शिसं तेवढं अपुरं पडलं.

त्र्याण्णवच्या जानेवारीत
एक माणूस कागद घेऊन आला, खाली मुद्रकाचं नाव नको म्हणाला.
एकाच वाक्यात भक्त आणि रक्त.
मालक म्हणाले, दर दुप्पट आहे, गांगुर्डे.
तुळशीरामांनी खण ओढून दाखवला.
‘क्त नाहीत.’
‘अख्ख्या छापखान्यात?’
‘झिजले.’

त्यानं दुसरीकडं छापून घेतलं.
संध्याकाळी भिंतीवर होतं.
स्वच्छ ऑफसेट, एकही चूक नाही.
मी सवयीनं तपासलं.

मग तुळशीरामांनी डबा उघडला.
भाकरीच्या फडक्याखाली छत्तीस क्त, तेलकट.
रॉकेलनं पुसून एकेक खणात ठेवले.
मला वाटतं, सदतीस होते. एक माझ्याकडं आहे.

बाकीचे शिशाच्या भावानं दोन टाकीला गेले.
छापखान्याच्या जागी टॉवर आहे,
फाटकावर पाटी : फक्त रहिवाशांसाठी.
बघा, लागतोच तो.

तुळशीरामांच्या आईचं नाव कुठंच छापलेलं नाही,
पत्रिकेवर नाही, पुस्तकात नाही,
तेव्हा म्हटलं इथं लिहून ठेवावं.
मु लिहिलं की मोबाईल विचारतो :
मुंबई? मुहूर्त? मुख्यमंत्री?
थांब जरा, म्हणते.
क मोडते.
त ला टेकवते.
मुक्ता.